औषधाची चिठ्ठी कुणाची?

आजचा विषय आहे मनाच्या आजारावरच्या गोळ्या. कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं. त्यात आम्ही पडणार नाही. पण सुरू केलेली गोळी माणूस मध्येच का सोडतो, हा प्रश्न आपल्या सगळ्यांचा आहे.

दीर्घकाळच्या कुठल्याही आजारात हे घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही असे सरासरी निम्मेच रुग्ण औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. मनाच्या आजारात आणखी एक अडचण असते. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती असा त्रास मात्र आधी सुरू होतो. म्हणजे तोटा रोख आणि नफा उधार! पुढे बरं वाटू लागलं, की ‘आता कशाला गोळी?’ असं वाटतं. गोळी एकदम बंद केली तर त्रास होऊ शकतो आणि आजारही उलटू शकतो.

आता खर्चाचं बघू. लिथियमसारखं औषध चालू असेल, तर रक्तातलं त्याचं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं. म्हणजे गोळीशिवाय तपासणीचा खर्च, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. यावर कायद्यात तरतूद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, आवश्यक यादीतली औषधं सरकारी सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. आपल्याकडे या पातळीवर ग्रामीण रुग्णालय येतं. ते घोडेगावात आहे.

मग प्रश्न मिटला का? घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं ठिकाण. तहसील कचेरी इथे, आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय इथे. भीमाशंकरच्या बाजूच्या वाड्यांतली माणसं दाखल्यासाठी येतात, ती इथेच. समजा, त्यातला एक मुलगा औषधाच्या खिडकीशी उभा आहे. मागून ओळखीचा आवाज येतो, ‘काय रे, कुणाला बरं नाही?’ आतून विचारतात, ‘ही झोपेची का डोक्याची?’ पुढच्या महिन्यात तो मुलगा त्या खिडकीशी येईल का? तो मंचर ओलांडून, जिथे कुणी ओळखत नाही अशा दुकानात जाईल. मोफतची गोळी त्याला विकत पडेल, वर भाडं. ज्या महिन्यात पैसे नसतील, त्या महिन्यात गोळीही नसेल.

आमचं म्हणणं एवढंच, की औषधाची किंमत, औषधातलं सातत्य आणि औषधाची गोपनीयता हे तीन वेगळे प्रश्न नाहीत. लहान गावात गोपनीयता विकत घ्यावी लागते, आणि ज्याला ती परवडत नाही त्याचं औषध सुटतं.

त्याच कायद्याचं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि उपचार करणाऱ्यांवर ती पाळण्याचं बंधन घालतं. जीविताला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. ही कल्पना आपल्याला नवीन नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला बजावतात, की रुग्णाच्या घरातलं बाहेर सांगायचं नाही. पण कायदा वैद्याला बांधतो. रांगेत मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याला कोण बांधणार?

इथे दोन शब्द वेगळे करू या: लपवणं आणि खासगी ठेवणं. लपवण्यामागे लाज असते. खासगी ठेवण्यात लाज नसते. कुणाला सांगायचं हे माझं मी ठरवतो, एवढंच असतं. ‘लाजायचं कशाला, सांगून टाक’ असं आपण प्रेमाने म्हणतो, तेव्हा त्याचा हा निर्णय आपण काढून घेतो. लाज जायला हवीच, पण ती घालवण्याचं काम समाजाचं आहे. त्याचा भार आजारी माणसावर टाकू नये.

मग करायचं काय? खिडकीवर औषधाचं नाव मोठ्याने वाचू नये. पुडी बंद पाकिटात द्यावी. रांगेत थोडं अंतर ठेवावं. या गोष्टींना अनुदान लागत नाही. परवडत नसेल तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं. त्याच घटकाचं स्वस्त जेनेरिक औषध मिळू शकतं. आणि कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, तर ‘टेली मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

आणि आपण, रांगेतले बाकीचे? दुसऱ्याच्या हातातली चिठ्ठी वाचायची नाही, एवढं आपल्याला आजपासून जमेल.