दुसऱ्या हादऱ्याआधी

भूकंप झाला की माणूस घराबाहेर धावतो आणि धरणी थांबली की पाच मिनिटांत पुन्हा आत शिरतो. चुलीवर दूध असते, पेटीत पैसे असतात. मला बोलायचे आहे ते या आत शिरण्याविषयी.

२१ मार्च २०२४ रोजी पैनगंगेपलीकडे, हिंगोली जिल्ह्यात, सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. अकरा मिनिटांनी दुसरा आला, ३.६ तीव्रतेचा. या मोजपट्टीवर एक अंक वाढला की शक्ती सुमारे बत्तीस पट होते. त्या हिशेबाने दुसरा धक्का पहिल्याच्या विसाव्या हिश्श्याएवढाही नव्हता. मग भ्यायचे कशाला? भ्यायचे भिंतीला. भूगर्भातला खडक एकदा सरकला की आसपासचे खडक नीट बसेपर्यंत धक्के देत राहतात. कधी आठवडे, कधी महिने. धडधाकट भिंत ते सोसते. जिचे सांधे सुटले, तिला लहानसाही पुरतो. शिवाय पुढचा लहानच असेल अशी हमी नाही. ‘अमक्या रात्री येणार’ असे सांगणाऱ्यावर मात्र मुळीच विश्वास ठेवू नये. ती तारीख कोणालाच कळत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. माणसे गाडली ती त्यांनी. आपल्याकडे आता टिने आली, पण वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर आपण धोंडे ठेवतो! २०२४ च्या त्या धक्क्यांनंतर नांदेडच्या प्रशासनाने हेच धोंडे उतरवायला सांगितले. टिन बोल्टने आवळावे. हे आजच करण्याजोगे आहे; तडा गेलेल्या भिंतीला शिडी लावून करण्याजोगे नव्हे.

बाहेर उभे राहावे ते भिंती व विजेच्या तारांपासून दूर. मग घराभोवती एक फेरी. तिरपी भेग, कोपऱ्यात फाकलेल्या भिंती, एकाएकी अडकू लागलेले दार, यांतले काही दिसले तर दूध उतू जाऊ द्यावे. गॅसचा वास आला तर काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये.

जिनिंगच्या शेडची गोष्ट निराळी. मालक म्हणतो, गठाणी आत आहेत. मजूर म्हणतो, खाडा पडेल. अशा मजुराला सावधगिरीचे व्याख्यान देऊन काय उपयोग? तो आत जाणारच, घरी चूल पेटवायची आहे. म्हणून आमची मागणी दुहेरी आहे : अभियंत्याने शेड पाहून लेखी दिल्याशिवाय कुलूप उघडू नये, आणि कुलूप असेल तितक्या दिवसांची रोजी मालकाने द्यावी.