तीन अधिक तीन बरोबर पाच

शाळेत चुकीचं ठरेल असं एक गणित बाळकुममध्ये बरोबर येतं. मुंबई विद्यापीठाच्या इथल्या ठाणे उपपरिसरात बीबीए-एलएलबी हा एकात्मिक अभ्यासक्रम चालतो. व्यवस्थापनाची पदवी आधी घेतली तर तीन वर्षं, तिच्यावर कायद्याची आणखी तीन. दोन्ही एकत्र घेतल्या की पाच!

मधलं एक वर्ष गेलं कुठे? कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर गोदामंच गोदामं. त्यातल्या एका गोदामाचा भाडेकरार डोळ्यांसमोर आणा. भाडं परवडतं का, माल महिन्यातून किती वेळा हलतो, हा व्यवस्थापनाचा प्रश्न. पावसात माल भिजला तर भरपाई कोणी द्यायची, हा कायद्याचा. कागद मात्र एकच. अशा कागदापाशी दोन विषयांच्या हद्दी एकमेकींवर चढतात.

त्या हद्दीवर किती मोठं काम होऊ शकतं, हे दामोदर धर्मानंद कोसंबींकडे पाहिलं की कळतं. जन्म १९०७, गोव्यातला. हार्वर्डमध्ये जॉर्ज बर्कॉफ या नामवंत गणितज्ञाचा सल्ला होता, गणितावरच लक्ष दे. या पठ्ठ्याने गणित तर केलंच, पण भाषा आणि इतर विषयांचे वर्गही धडाधड घेतले. १९२९ साली पदवी मिळवून ते भारतात परतले आणि पुढे चांदीची प्राचीन आहत नाणी तराजूत घालून बसले.

नाणं हातोहात फिरतं तसं कणाकणाने झिजतं. एका नाण्यावरून काही ठरत नाही, पण शेकडो नाणी तोलली की दोन गोष्टी दिसू लागतात: जितका काळ चलनात, तितकं सरासरी वजन कमी, आणि नाण्यानाण्यांतला फरकही तितकाच जास्त. काही नाण्यांच्या पाठीवर बारीक ठसे असतात, नाणं पारखून मारलेले. ठसे वाढतात तसं वजन उतरतं, हे कोसंबींनी आकडे मांडून दाखवलं. ज्या नाण्यांवर ना साल, ना राजाचं नाव, त्यांचा काळानुसार क्रम असा वजनावरून लागू लागला! हा इतिहास म्हणायचा, की संख्याशास्त्र? याच माणसाने १९४४ साली जनुकांमधलं अंतर काढण्याचं एक सूत्र दिलं. पिकांचे जनुकीय नकाशे करणारे संशोधक ते आजही कोसंबींच्याच नावाने वापरतात.

आता बारावीच्या मुलांसमोरचा फॉर्म. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठांचा अर्ज विचारतो, मेजर कोणता घेणार? ‘पर्यावरण आणि धोरण’, ‘गणित आणि अर्थशास्त्र’ अशी जोडनावं वाचून जीव हरखतो. बऱ्याच ठिकाणी हे उत्तर बंधनकारक नसतं. हार्वर्डमध्ये तर विषय दुसऱ्या वर्षी पक्का करायचा असतो. काही विद्यापीठांत मात्र इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटरचा प्रवेश वेगळा असतो आणि मागाहून तिकडे उडी मारणं अवघड जातं, म्हणून नियम आधी वाचावेत. आपल्याकडेही नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर आणलं आहे. ओपन इलेक्टिव्ह तर मेजरच्या विद्याशाखेबाहेरून घ्यायचा असतो.

नुसतं जोडनाव लिहून अर्ज वजनदार होत नाही. हे दोन विषय या मुलाच्या हातात एकत्र आले कसे, याची खूण अर्ज वाचणारा शोधतो. ती खूण एखाद्या प्रश्नात सापडते.

असा एक प्रश्न बाळकुमच्या वेशीवरच आहे. कशेळीच्या खाडीत उल्हास नदीचं गोडं पाणी आणि समुद्राची भरती एकमेकांत मिसळतात. मग खारं पाणी वर्षाच्या कुठल्या महिन्यात किती आत येतं? भरती हे भौतिकशास्त्र, क्षार हे रसायनशास्त्र, कुठली मासळी कुठल्या पाण्यात तगते हे जीवशास्त्र. काठावरच्या तिवरांना हात लावता येत नाही, कारण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये त्यांना संरक्षण दिलं. म्हणजे इथे कायदाही आला. आणि जाळं कुठे, कधी टाकायचं, हे कोळीवाड्यातल्या जाणत्यांना विचारायचं, म्हणजे समाजशास्त्र.

सुरुवातीला खर्चही फारसा नाही. भरतीला आणि ओहोटीला एकेक बाटली भरून घ्यावी. गाळ बसला की दोन्हींतलं सारखंच पाणी गाळून आटवावं आणि खाली उरलेलं मीठ सराफाच्या काट्यावर तोलून घ्यावं. बाटलीवर तारीख, वेळ, तिथी. पौर्णिमेला एक आकडा येईल, अष्टमीला दुसरा, आणि पाऊस लागला की तिसराच. वर्षभरात एक वही भरेल. मेजरचा रकाना त्यानंतर, ती वही शेजारी उघडी ठेवून भरावा.