दोन जुन्या वस्तू जोडल्या, तर तो शोध होतो का?

समजा, राजुऱ्याच्या एखाद्या वर्कशॉपवाल्याने पंखा आणि चाळणी जोडून धान साफ करायचं यंत्र केलं, पेटंटही मिळवलं. शेजारचा म्हणतो, "यात काय मोठं? दोन्ही वस्तू बाजारात होत्याच!" एवढ्याने पेटंट रद्द होतं का? नाही. ते सिद्ध करावं लागतं.

एक खरा खटला पाहू. आपल्या भंडाऱ्यासारखंच मिर्झापूर हेही पितळी भांड्यांचं गाव. तिथल्या हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीजकडे लेथवर भांडं धरून ठेवण्याच्या साधनाचं पेटंट होतं. पूर्वी भांडं एकाच बाजूने धरलेलं असायचं; फिरताना उडायचं, कारागिराला धोका. यांनी समोरून दाब देणारा स्पिंडल बसवला. विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या फर्मशी वाद झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी पेटंट रद्द केलं. अपिलात खंडपीठाने ते वाचवलं. १३ डिसेंबर १९७८ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केलं.

का? समोरून आधार द्यायची रीत लेथवर जुनीच होती. न्यायालयाने सांगितलं, जुन्या वस्तूंच्या जोडणीलाही पेटंट मिळू शकतं. पण त्यातून नवा परिणाम, नवी वस्तू किंवा जास्त चांगली वा स्वस्त वस्तू निघाली पाहिजे. नुसती वर्कशॉपमधली सुधारणा पुरत नाही.

मग अपिलात दाखवायचं काय? पहिलं, प्रत्येक भाग अर्जाच्या तारखेआधी माहीत होता. दुसरं, त्या धंद्यातल्या जाणकाराला ते भाग जोडायचं कारण तेव्हाच होतं. तिसरं, जोडूनही अपेक्षेपलीकडे काही घडलं नाही. लोक पहिल्यावरच थांबतात, आणि तिथेच हरतात. उत्तर पाहिल्यावर कोडं सोपंच वाटतं. म्हणून न्यायालय आजच्या नजरेने जोडलेले तुकडे मान्य करत नाही.

आपल्या यंत्रात पंखा आपलं काम करतो, चाळणी आपलं, असं असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३(एफ) आडवं येतं. पण दोघांनी मिळून एकट्याला न जमणारं काम केलं, तर बाजू भक्कम होते.

पेटंट कार्यालयाच्या निर्णयावरची अपिलं २०२१पासून उच्च न्यायालयात जातात. मुंबई कार्यालयाची मुंबईला. तिथे तोंडी सांगणं तोकडं पडतं. म्हणून यंत्र करणाऱ्याने आणि त्याला हरकत घेणाऱ्यानेही तारीख घातलेली चित्रं, बिलं, चाचणीच्या नोंदी आजपासूनच जपाव्यात.