पांढरा त्याचा, केशरी तुझा!

कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि फुटबॉल, बाकी सगळं नंतर. पण कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दिवसभर शिफ्ट आणि टार्गेटच्या मागे धावणाऱ्या मंडळींना सुट्टीच्या दिवशी काहीतरी हटके हवं असतं. तिथल्या एका कंपनीत क्वालिटीला असलेल्या माझ्या मित्राने स्पोर्ट्‌स डेसाठी सॉफ्टबॉल सुचवला. मुलं-मुली एकत्र खेळू शकतात म्हणून सगळे खूश! गाडी अडली ती एकाच प्रश्नावर. पहिल्या बेसला दोन रंग कशाला?

आधी बेसिक फंडा क्लिअर करू. दोन बेसमधलं अंतर ६० फूट. बॉल मारला की बॅटर पहिल्या बेसकडे सुसाट सुटतो. इथे बेसवर थांबायची सक्ती नाही, तो पुढे पळून जाऊ शकतो. त्यामुळे ब्रेक लावायचा प्रश्नच येत नाही. दुसरीकडे फिल्डरचा पाय त्याच बेसवर, डोळे मात्र येणाऱ्या थ्रोवर. १५ इंचाच्या चौकोनावर दोघंही एकाच वेळी पाय ठेवायला बघतात. मग मुरगळलेला घोटा, दुखावलेला गुडघा आणि सोमवारी सिक लीव्ह!

म्हणून आला डबल बेस. १५ बाय ३० इंच. रेषेच्या आतला अर्धा भाग पांढरा, बाहेरचा केशरी. पांढरा फिल्डरचा, केशरी धावणाऱ्याचा. पांढऱ्याला लागलेला बॉल फेअर, फक्त केशरीला लागला तर फाउल.

खरी गंमत पुढे आहे. थ्रो पहिल्या बेसवर येतोय आणि धावणाऱ्याने फक्त पांढऱ्यावर पाय ठेवला, तर तो बेस चुकवल्यासारखंच. पण अंपायर आपणहून बोट वर करत नाही. धावणारा बेसवर परत येण्याआधी फिल्डिंगच्या टीमने अपील करायला हवं. केलं तर आउट, विसरले तर सुटला!

बॉल लांब गेलाय, पहिल्या बेसवर कुणी टिपायला बघतच नाहीये? मग कुठल्याही रंगावर पाय द्या आणि थेट दुसरा बेस गाठा. थ्रो फाउलच्या बाजूने आला, किंवा तिसऱ्या स्ट्राइकचा बॉल कॅचरच्या हातून सुटला, तर दोघांनाही दोन्ही रंग खुले. आणि एकदा बेस मिळाला की केशरी विसरा. परत यायचं ते पांढऱ्यावर, कॅच झाल्यावर सुटायचं तेही पांढऱ्यावरूनच. नुसते केशरीवर उभे राहिलात आणि बॉलने टॅग झालात, तर खेळ खल्लास.

मित्राच्या टीमचा आक्षेप होता, “धडक झालीच नाही, मग आउट का?” याचं उत्तर त्यांच्याच सेफ्टीवाल्याने दिलं. शॉप फ्लोअरवर पिवळ्या पट्ट्या कशाला असतात? फोर्कलिफ्टचा रस्ता वेगळा, चालणाऱ्याचा वेगळा. पट्टी ओलांडलीत आणि काही झालं नाही, तरी चूक ती चूकच. अपघातानंतर आठवायची गोष्ट नाही ती!

मला हे एकदम पटलं. बाकी नियम कोण जिंकलं ते ठरवतात. हा नियम बघतो की हरलेलाही आपल्या पायांनी घरी जावा.

तुमच्या ऑफिसातही बेत शिजत असेल, तर दोन टिप्स. केशरी बेस नसला तर सुटी मॅट टाकू नका, पायाखालून सरकते. त्यापेक्षा फक्कीने चौकोन आखा. आणि ‘थ्रो येतोय की नाही’ हे ठरवणारा अंपायर मॅचआधीच नक्की करा, कारण सगळी भांडणं तिथेच होतात.

२०२८च्या लॉस एंजलिस ऑलिम्पिकमध्ये सॉफ्टबॉल परततोय. मॅचेस होणार आहेत ओक्लाहोमा सिटीत. तेव्हा टीव्हीसमोर बसून “अरे, पांढऱ्यावर पाय पडला!” असं ओरडलात, तर अख्ख्या ऑफिसात तुमचा भाव वधारलाच म्हणून समजा!