मिनिटाचा भाव

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावच्या जवळ आर्वी नावाचं गाव आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे भारताचं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं आणि त्याला विक्रम साराभाईंचं नाव दिलं गेलं. परदेशातून केलेला फोन हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडून जुन्नर तालुक्यातल्या त्या भल्यामोठ्या तबकडीवर उतरायचा आणि मग देशभर जायचा. आवाज पोचवण्याचा प्रश्न असा बराच आधी सुटला होता. तरीही माझ्या पिढीतली माणसं १९९०च्या दशकाच्या शेवटी वायटूकेच्या, म्हणजे सन २०००च्या तारखेमुळे संगणकांत होऊ शकणारा घोळ निस्तरण्याच्या कामासाठी न्यू जर्सीत आली, तेव्हा घरी फोन करायचा म्हणजे आधी हिशेब करावा लागे. मिनिटाला डॉलरच्या आसपास पडायचे, एखादी योजना घेतली तर थोडे कमी. घरून इकडे करायचा तर आय.एस.डी.चा दर मिनिटाला साठ रुपयांच्या घरात. तिकडून फोन करणं हा पर्यायच नव्हता.

मग एक रीत पडली. फोन शनिवारी रात्री करायचा, कारण तेव्हा घरी रविवारची सकाळ असते आणि सगळे सापडतात. ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांचा पी.पी. नंबर असे, म्हणजे शेजाऱ्यांचा. आधी एकदा फोन करून ‘दहा मिनिटांनी करतो, आईला बोलावून ठेवा’ असं सांगायचं. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवणारे कितीतरी जण मला माहीत होते. तब्येत, पाऊस, पैसे पोचले का, बहिणीच्या लग्नाचं कुठवर आलं. आणि बोलणं जरा रंगतंय असं वाटलं की पलीकडून आई म्हणायची, ‘ठेवते आता, तुझं बिल होतंय.’ वाईट बातमी तर फोनवर कुणी सांगतच नसे. महागड्या मिनिटात रडायचं कसं? वडिलांचं ऑपरेशन झाल्याचं ते घरी आल्यावर कळलेली मुलं त्या काळात घरोघरी होती.

हा भाव कशाचा होता, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. तारेचा किंवा उपग्रहाचा खर्च त्यात थोडाच होता. दोन देशांच्या टेलिफोन कंपन्या आपसांत दर मिनिटाचा एक हिशेबी दर ठरवत आणि ज्या देशातून फोन निघाला तिथली कंपनी पलीकडच्या कंपनीला त्यातला साधारण निम्मा वाटा देई. भारताकडे येणारे फोन जास्त, जाणारे कमी. त्यामुळे विदेश संचार निगमाला, म्हणजे व्हीएसएनएलला, परकीय चलन मिळे आणि त्या काळी सरकारला त्याची गरजही होती. मुलानं आईशी बोललेल्या मिनिटावरचा तो एक प्रकारचा कर होता. १९९७मध्ये अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं आपल्या कंपन्यांना बजावलं की परदेशी कंपन्यांना ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही. कमी उत्पन्नाच्या देशांसाठी ती मर्यादा मिनिटाला २३ सेंट होती, आणि ती टप्प्याटप्प्यानं लागू होणार होती. तिकडे भारतात १ एप्रिल २००२ रोजी परदेशी फोनवरची व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली. त्याच दिवसापासून भारतात इंटरनेटवरून परदेशी बोलणं कायदेशीर झालं. त्याआधी ते बेकायदा होतं. समुद्राखालून नव्या केबली मुंबईला येऊन पोचल्याच होत्या. दर खाली आले ते या सगळ्यामुळे, आणि माझ्या मते त्यात यंत्रांपेक्षा नियमांचा हात मोठा होता.

नियमांनी दर चढेही ठेवले. २००३पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येक मिनिटावर भारतानं एक अधिभार लावला. खेड्यापाड्यांतले तोट्यातले लँडलाइन चालवायला तो पैसा हवा होता आणि हेतू चांगलाच होता. २००५मध्ये हा अधिभार मिनिटाला सव्वातीन रुपये होता. तो चुकवण्यासाठी चोरवाट निघाली: परदेशातला आवाज इंटरनेटवरून भारतात आणायचा आणि तिथे गुपचूप स्थानिक फोनवर सोडायचा. म्हणूनच त्या वर्षांत न्यू जर्सीहून केलेला फोन सांगलीत एखाद्या अनोळखी स्थानिक नंबरावरून वाजे आणि घरचे लोक तो उचलत नसत. २००८मध्ये अधिभार गेला आणि या चोरवाटेतला नफाही आटला.

पण त्या काळातलं माझ्या मनात खोल रुतून बसलेलं प्रकरण म्हणजे कॉलिंग कार्ड. जर्सी सिटीची न्यूअर्क अव्हेन्यू, एडिसनचा ओक ट्री रोड, न्यूयॉर्कचं जॅक्सन हाइट्स, शिकागोची डेव्हन अव्हेन्यू, जिथे म्हणून भारतीय किराणा मिळे तिथे गल्ल्याजवळ ही कार्डं टांगलेली असत. पाच डॉलरचं, दहा डॉलरचं. रंगीत चित्रं, वर ठळक अक्षरांत मिनिटं. डाळ-तांदळाबरोबर एक कार्ड घ्यायचं, मागचा करडा पट्टा नाण्यानं खरवडायचा, आधी एक स्थानिक नंबर फिरवायचा, मग लांबलचक पिन, मग ०११-९१ आणि घरचा नंबर. इतकं करून लाइन व्यग्र लागली की सगळं पहिल्यापासून. एक बाई गोड आवाजात सांगे की तुमच्याकडे अमुक मिनिटं आहेत, आणि त्याच्या निम्म्यावरच फोन कटे. जोडणीची फी, आठवड्याची देखभाल फी, तीन-तीन मिनिटांच्या टप्प्यानं वर धरलेलं मोजमाप, हे सारं मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं असायचं. २००८ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा काही कंपन्यांना कोर्टात खेचलं. कमिशनच्या चाचण्यांत जाहिरातीतल्या मिनिटांपैकी साधारण निम्मीच मिनिटं मिळाली होती. ही कार्डं कोण घेत होतं? पेट्रोल पंपावर रात्रपाळी करणारे, मोटेलमध्ये खोल्या झाडणारे, टॅक्सी चालवणारे. पगारदार इंजिनिअरला घरच्या फोनवर चांगली योजना मिळे, क्रेडिट कार्डावर खात्रीची सेवा घेता येई. ज्याच्या हातात फक्त रोख पाच डॉलर होते त्यालाच फसवलं गेलं. त्याचा मला अजून राग येतो.

इंटरनेटवरून बोलण्यासाठीचं स्काइप ऑगस्ट २००३मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी त्यावरून साध्या फोनलाही पैसे देऊन बोलता येऊ लागलं. २००९मध्ये व्होनेज या इंटरनेट फोन कंपनीनं महिन्याला २५ डॉलरच्या आत भारतासकट साठहून जास्त देशांत अमर्याद बोलण्याची योजना काढली, तेव्हा बऱ्याच मराठी घरांत पहिल्यांदाच घड्याळाकडे न पाहता बोलणं झालं. पुढे २०१५मध्ये व्हॉट्सअॅपवर बोलता येऊ लागलं, २०१६मध्ये त्यावर चेहराही दिसू लागला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आल्यावर आमच्या आत्या-मावश्यांच्या हातात पुरेसा डेटा आला. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते निरुद्देश बोलणं. फोन ओट्याला टेकवून मेथी निवडत बसलेल्या आईशी अर्धा तास काहीही महत्त्वाचं न बोलता काढायचा, ही चैन माझ्या पिढीला पन्नाशीच्या उंबरठ्यावर मिळाली.

आखातात मात्र ती सहज मिळाली नाही. रत्नागिरी-रायगडमधली, गोव्यातली माणसं कुवेत, बहरीन, दुबईला कितीतरी आधीपासून जात आहेत. कॅसेटवर आवाज भरून गावी जाणाऱ्याबरोबर ती पाठवायची पद्धत तिथल्या कामगारांत होती. व्हॉट्सअॅप जगभर फुकट झाल्यावरही संयुक्त अरब अमिरातीत त्यावरचं बोलणं बंदच राहिलं. तिथल्या दोन टेलिफोन कंपन्यांनी २०१८मध्ये महिना ५० दिरहमांची इंटरनेट कॉलिंग योजना आणली आणि त्यात बोटिमसारखी परवानगी असलेली ठरावीक अॅप्स वापरता येत. सौदीनं २०१७च्या सप्टेंबरात अशा अॅपवरची बंदी उठवली, म्हणजे ते करणं शक्य होतं. न्यू जर्सीतला आयटीवाला फुकट बोलत असताना बांधकामावरच्या गवंड्यानं पोराचा चेहरा बघण्यासाठी पगारातून पैसे मोजावेत, याचं कोणतंही तांत्रिक कारण नव्हतं. दुबईच्या लेबर कॅम्पमधला माणूस आठवड्याला एकच दिवस मोकळा असतो. त्या दिवसाच्या बोलण्यावर शुल्क बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

आता नवी पिढी वेगळ्याच तऱ्हेनं बाहेर जाते. माझा पुतण्या लिस्बनमध्ये बसून दुसऱ्या देशातल्या कंपनीचं काम करतो. २०२२च्या ऑक्टोबरात पोर्तुगालनं अशा दूरस्थ कामासाठी खास व्हिसा सुरू केला. पुतण्याला आईवडिलांशी बोलायला पैसे लागत नाहीत. त्याची अडचण उरली आहे ती साध्या नंबरांची. बँकेचा १८००चा नंबर परदेशातून सहसा लागत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी, तहसील कचेरी, दवाखान्याचा स्वागतकक्ष, कागल तालुक्यातल्या आजीचा लँडलाइन, यांतलं काही अॅपवर नसतं. अशा फोनांसाठी तो स्काइपमध्ये थोडे पैसे भरून ठेवी. ५ मे २०२५ला स्काइप बंद झालं. भारतीय सिम किमान रिचार्जवर जिवंत ठेवून त्यावर ओटीपी घ्यायचा, त्याच सिमवरून वायफाय कॉलिंग चालतं का आणि दर काय पडतो ते निघण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारून घ्यायचं, आणि लँडलाइनसाठी एखाद्या इंटरनेट फोन सेवेत थोडी रक्कम ठेवायची, असं आता त्यानं बसवलं आहे. कोणतीही सेवा घेताना जोडणीची फी आणि मोजणीचा टप्पा आधी वाचायचा, हे त्याला मी सांगितलं. कार्डांच्या काळातलं तेवढं शिकणं अजून उपयोगी आहे.

भारतीय बँका आणि सरकारी कचेऱ्या यांनी परदेशातून लागेल असा नंबर आपल्या पासबुकावर, पावतीवर, दारावरच्या फलकावर छापावा, एवढी माझी मागणी आहे. काही बँका +९१-२२ने सुरू होणारा वेगळा नंबर देतातही. भारतात पोचणाऱ्या परदेशी फोनचं शुल्क २०१८मध्ये मिनिटाला ३० पैशांवर आलं होतं, तेव्हा खर्चाची सबब इथे चालण्यासारखी नाही.