दिसायला देखणा, पण काट्यात विष! काय आहे हा लायनफिश?

अंगावर तांबडे-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर आणि पाठीवर उभे लांब काटे. मोबाईलवर लायनफिशचा व्हिडिओ दिसला की बघतच राहावं वाटतं. सिंहाच्या आयाळीसारखे पर, म्हणून नाव लायनफिश. पण त्याला हात लावायचा नाही!

राहतो कुठे?
हा मूळचा हिंदी आणि पॅसिफिक महासागरातला. लक्षद्वीप, अंदमानच्या प्रवाळांवरही तो आढळतो. दिवसा खडकांच्या कपारीत गुपचूप बसतो आणि संध्याकाळी किंवा पहाटे शिकारीला निघतो. पर पसरून लहान माशांना कोपऱ्यात गाठायचं आणि एका झटक्यात गिळायचं, ही त्याची पद्धत. स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासाही तो गिळू शकतो.

काटा लागला तर?
त्याच्या पाठीवर १३, पोटाखाली २ आणि शेपटीजवळ ३ असे एकूण १८ विषारी काटे असतात. मासा मेला तरी काट्यातलं विष लगेच जात नाही. काटा लागला की भयंकर ठणका आणि सूज येते. जीव जाण्याचा प्रकार अगदी क्वचित. अशा वेळी जखम चिरू नये. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तो भाग ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवावा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासावं, नाहीतर भाजायचं. मग डॉक्टरांना दाखवावं. धाप लागली किंवा चक्कर आली तर थेट दवाखाना गाठावा.

परक्या पाण्यात धुमाकूळ
१९८५ मध्ये हा मासा अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला. हौसेने काचेच्या टाकीत पाळलेले मासे कुणीतरी समुद्रात सोडले असावेत, असं अभ्यासक मानतात. तिथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही. मादी वर्षाला सुमारे २० लाख अंडी घालते. बघता बघता तो कॅरिबियन समुद्रभर पसरला. बहामातल्या एका प्रयोगात, जिथे लायनफिश होता तिथे पाच आठवड्यांत नव्या पिलांची भर ७९ टक्क्यांनी कमी पडली. आता तिथले लोक भाले घेऊन त्याला मारतात आणि काटे काढून खातात. विष काट्यात असतं, मांसात नाही.

आपल्याला काय त्याचं?
परका मासा पाण्यात शिरला की काय होतं, हे उजनीच्या मच्छीमारांना सांगायला नको. मूळच्या आफ्रिकेतल्या चिलापीने तिथलं जाळं कसं भरतं, ते त्यांनी पाहिलंय. म्हणून घरच्या टाकीतला मासा नकोसा झाला तर विहिरीत, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. ज्या दुकानातून आणला तिथे परत द्या किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. एकदा पाण्यात गेलेला मासा परत टाकीत येत नाही.