जपान शून्यातून उभा राहिला नाही

आमचं बीड जिल्ह्यातलं चौसाळा काय किंवा आसपासची गावं काय, ऑगस्ट महिना शाळांमध्ये भाषणांचा. 6 तारखेला हिरोशिमा दिन, 15 ला स्वातंत्र्यदिन. दोन्हीकडं एक वाक्य हमखास ऐकू येतं. “बॉम्बनं बेचिराख झालेला जपान शून्यातून उभा राहिला. आपणही त्याच सुमारास सुरुवात केली, आणि बघा आपण कुठं आहोत!” मुलं पाठ केलेलं म्हणतात, त्यांचा दोष नाही. पण शिकलीसवरलेली मोठी माणसं तेच सांगतात आणि खाली बसलेली पोरं माना खाली घालतात, तेव्हा मला राहवत नाही. हे वाक्य मुळापासून चूक आहे.

कापसापासून सुरू करतो, कारण तो आपल्याला कळतो. 1893 मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्यानं निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीनं मुंबई ते कोबे अशी जहाजं सुरू केली. ती इथला कापूस जपानी गिरण्यांना न्यायची. 1924 मध्ये साकिची तोयोदा यांचा स्वयंचलित माग तयार झाला. 1929 मध्ये त्याचे हक्क विकत घ्यायला कोण आलं? इंग्लंडची प्लॅट ब्रदर्स, म्हणजे ज्यांच्या यंत्रांवर आपल्याकडच्या गिरण्या चालायच्या तीच कंपनी. 1933 पर्यंत सुती कापडाच्या निर्यातीत जपाननं इंग्लंडला मागं टाकलं होतं. हिंदुस्थान सरकारनं परदेशी कापडावर जकात वाढवली तेव्हा जपानी गिरण्यांनी आपला कापूस घेणं थांबवलं. शेवटी 1934 मध्ये करार झाला. जपाननं 15 लाख गाठी कापूस उचलायचा, त्या बदल्यात त्याला 40 कोटी यार्डांपर्यंत कापड इथं विकू द्यायचं. कच्चा माल आपला, पक्का माल त्यांचा. बॉम्ब पडायला अजून अकरा वर्षं होती!

आता शाळा. मेजी राजवट 1868 ची, आणि चारच वर्षांत, 1872 मध्ये, प्रत्येक मुलामुलीनं शाळेत जावं असा कायदा झाला. सुरुवातीला फी परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी काही ठिकाणी शाळा जाळल्या. पुढं 1900 मध्ये फी उठली आणि 1907 पर्यंत सहा वर्षांचं शिक्षण सक्तीचं झालं. तोवर नव्वद टक्क्यांच्या वर मुलं पटावर होती. हे कुणाला अतिशयोक्ती वाटत असेल, तर गोपाळ कृष्ण गोखल्यांचं 1910 चं केंद्रीय कायदेमंडळातलं भाषण काढून वाचावं. सक्तीचं प्राथमिक शिक्षण मागताना त्यांनी जपानचा दाखला दिला होता. पुढच्या वर्षी त्यांनी विधेयक आणलं, ते 1912 मध्ये फेटाळलं गेलं. 1911 च्या जनगणनेत आपल्याकडं लिहिता-वाचता येणारे शंभरात सहा होते.

महर्षी कर्व्यांचंही तेच. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका हाती पडली आणि त्यातून आपल्याला दिशा मिळाली, असं त्यांनी आठवणींत लिहून ठेवलंय. 1916 मध्ये पुण्यात महिला विद्यापीठ निघालं ते त्यातून. राखेतून उठलेल्या देशाकडं पाहून कर्वे शिकले नव्हते. ते शिकले ते चाळीसेक वर्षं शाळा चालवलेल्या देशाकडून.

त्याच्याही मागं जाता येतं. अठराव्या शतकात एदो, म्हणजे आजचं टोकियो, दहा लाख वस्तीचं होतं. ओसाकाच्या दोजिमा बाजारात 1730 पासून तांदळाचे वायदे सरकारमान्य होते. गावोगाव देवळांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ‘तेराकोया’ शाळांत शेतकऱ्या-व्यापाऱ्यांची पोरं अक्षर आणि हिशेब शिकत.

1945 मध्ये जळालं काय? साठाहून जास्त शहरं. 9-10 मार्चच्या एका रात्रीत टोकियोत लाखभर माणसं गेली. ते दुःख कमी करून सांगायचं मला धाडस नाही. पण ज्या हिरोशिमाचं नाव आपण घेतो, त्याच्या शेजारच्या कुरे बंदरातच तोवरची जगातली सगळ्यात मोठी युद्धनौका, यामातो, बांधून झाली होती. ती बांधणारे हात आणि डोकी युद्धानंतरही होती. नौदलासाठी बॉम्बफेकी विमान रेखाटणारे तादानाओ मिकी पुढं 1964 च्या बुलेट ट्रेनचा आकार ठरवत होते. त्या मार्गासाठी जागतिक बँकेनं 8 कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. अमेरिकेची मदत होती, 1950 च्या कोरियन युद्धात लष्करी मागणीचा पूर आला, जमीनदारांच्या जमिनी कुळांना मिळाल्या. शून्य यात कुठंच नाही. आणि या ताकदीचा काळा भागही सांगितलाच पाहिजे. त्याच कारखान्यांच्या जोरावर जपाननं कोरिया आणि चीनचे हाल केले.

आणि आपली सुरुवात? 1951 ला साक्षरता 18 टक्के. “आपणही 1947 ला सुरुवात केली” असं बीड जिल्ह्यात उभं राहून म्हणणाऱ्यानं एवढं तरी आठवावं, की आपण तेव्हा निजामाकडं होतो. आपली मुक्ती 17 सप्टेंबर 1948 ची. रेल्वेत तर देश जपानच्या पुढं होता. बोरीबंदर-ठाणे 1853, जपानची पहिली गाडी 1872. बीड शहरात मात्र गाडी पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. दिवाळीच्या सुमारास आईबापाबरोबर उसाच्या फडावर जाणाऱ्या पोराला ‘जपानी माणूस जिद्दी, आपण आळशी’ हे शिकवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्या बुडणाऱ्या शाळेबद्दल बोला.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. जपाननं दोनशे वर्षं दारं पूर्ण लावली नव्हती. नागासाकीत डच आणि चिनी व्यापारी होते, कोरियाशीही व्यवहार चालू होता. सामुराई बंदुकीला शिवत नसत हेही खोटं. 1543 मध्ये बंदूक आली आणि 1575 ला नागाशिनोच्या लढाईत ओदा नोबुनागानं ती हजारो शिपायांच्या हाती दिली. बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वतीच, हे खरं. पण ती बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे गेली, त्यावरून ‘जपान पूर्वी हिंदू होता’ असं ठरत नाही. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, शिरका घातलेला भात.

आणि हिरोशिमात आजही गवत उगवत नाही, हे तर पूर्ण बंद करा. पंचाहत्तर वर्षं काही उगवणार नाही अशी अफवा 1945 च्या ऑगस्टमध्येच उठली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिथं कण्हेर फुलली. तीच आज शहराचं फूल आहे, आणि शहराची वस्ती अकरा लाखांवर आहे. बॉम्बच्या वेळी पोटात असलेल्या बाळांना इजा झाली. पण वाचलेल्यांना नंतर झालेल्या मुलांत जन्मजात व्यंगं वाढल्याचं दिसलेलं नाही, असं हजारो मुलांवरचा तिथला दीर्घकाळचा अभ्यास सांगतो. शहरातली ट्राम बॉम्बनंतर तिसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, एका छोट्या टप्प्यावर पुन्हा धावली. तिच्यावर काम करत होत्या ट्राम कंपनीच्याच शाळेतल्या मुली.